ठाणेदारचा अर्धा नियम

आत्या,

तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. ओट्यावर बसायला येणाऱ्या बायका म्हणतात, कौसल्या कधी कुणाच्या वाटेला गेली नाही, बाजारात कुणाला मासोळी कमी तोलून दिली नाही. खरंच आहे ते. मीही मान हलवते. पण मला तसं लिहिता येत नाहीये. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "शीतल, लिहून काढ, मोकळं वाटेल." म्हणून बसले, तर पहिलंच वाक्य आलं ते असं: तू फार चुकीचं वागलीस. ते खोडलं. दुसरं लिहिलं, तेही तसंच निघालं. आता खोडत नाही. गेलेल्या माणसावर असं रागवावं की नाही मला माहीत नाही. आपल्या घरात याआधी कुणी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला? तू असतीस तर तुलाच विचारलं असतं. तू म्हणाली असतीस, "लिही ना वो, कागद काय चावते?"

मग लिहिते. मी तुझ्यावर रागावले आहे. एका मांजराच्या नियमामुळे तू गेलीस, आणि हे मी कुणाला सांगितलं तर लोक हसतील की काय अशी मला भीती वाटते.

ठाणेदार हे नाव तूच ठेवलंस. तलावावरून टोपल्या आल्या की हा बोका प्रत्येक टोपलीपाशी जाऊन बसायचा आणि आपला वाटा घेतल्याशिवाय हलायचा नाही. "पाय कसा वसुली करून राहिला ठाणेदार," असं तू एकदा म्हणालीस आणि तेच नाव झालं. मी लाखनीच्या कॉलेजात प्रवेश घेऊन तुझ्याकडे राहायला आले तेव्हा तो चांगला लठ्ठ होता. पहिल्या दिवशी मला दारातच अडवून बसला. तू आतून ओरडलीस, "जाऊ दे रे तिले, माही भाची हाये. कॉलेजात शिकते. तुह्यापेक्षा मोठी सायेब होणार हाये." मला इतकी लाज वाटली होती. आपल्या घरातलं कॉलेजात गेलेलं मी पहिलंच माणूस, आणि ही बातमी तू सगळ्यात आधी मांजराला दिलीस.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो वाळायला लागला. खायचा भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. धुण्याच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. मग मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून सशासारखा चालू लागला. मला वाटलं, कुणीतरी मारलं असेल. तू मात्र परसातल्या त्याच्या मुताच्या जागेकडे बघत उभी राहिलीस. तिथे मुंग्या लागल्या होत्या. "शीतल," तू म्हणालीस, "मले बी अशाच लागल्या होत्या. ह्याले माहाच रोग झाला."

आपण त्याला तुझ्या मासोळीच्या टोपलीत घालून, वरून जाळं बांधून, बसने भंडाऱ्याला नेलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "बरोबर ओळखलंत बाई. मधुमेह आहे."

तू घाबरून विचारलंस, "माहं उष्टं खाल्लं म्हणून का जी?"

डॉक्टर हसले नाहीत. ते मला आवडलं होतं. म्हणाले, "उष्ट्यानं होत नाही. काय खातो हा?"

"आमी खातो तेच. भात. भातावर दूध. मासोळी भेटली तं मासोळी."

"भात बंद करा. दूध बंद. फक्त मासे द्या, जमलं तर कोंबडी."

"अन भात?"

"भात नाही."

बाहेर येऊन तू पदर झटकलास. "भात नाही खाल्ला तं जेवला कसा म्हणावं? हा डॉक्टर आपल्याकडला नाही वाटत."

इन्सुलिनच्या सुईचे नियम त्यांनी दोनदा समजावून सांगितले आणि तू बसमध्ये ते घोकत आलीस. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला एकेक युनिट. बाटली ज्या ताकदीची, सुईही त्याच मापाची. एका दिवशी साखर मोजायच्या यंत्रावर आकडा मोठा आला म्हणून त्याच दिवशी सुई वाढवायची नाही. निदान आठवडाभर तोच डोस ठेवायचा, मग त्यांना फोन करायचा, आणि ते म्हणाले तर अर्ध्या युनिटने बदलायचा. खाण्यात काही बदल झाला तर आधी कळवायचं. आणि शेवटचा नियम: खाल्लं नाही तर सुई नाही, पण लागोपाठ दोन वेळा खाल्लं नाही तर घरी बसायचं नाही, उचलायचं आणि घेऊन यायचं.

हा शेवटचा नियम मी पुन्हा पुन्हा आठवते. त्याला दोन भाग होते, आत्या. तू पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईलाही तो सांगितला होतास, दोन्ही भागांसकट.

आपल्या घरी फ्रिज नाही. तुम्हा दोघांच्या इन्सुलिनच्या बाटल्या समोरच्या देवाजी काकांच्या दुकानात, थंड पाण्याच्या आणि पेप्सीच्या मागे ठेवलेल्या असायच्या. तुझी खालच्या कप्प्यात, ठाणेदारची वर. तुझी सरकारी दवाखान्यातून यायची, त्याची आपण भंडाऱ्याहून आणायचो. देवाजी काका दोन्ही वेळा बाटली काढून द्यायचे आणि रोज काहीतरी बोलायचे. "बाई, एखाद दिवशी गिऱ्हाईकाले पेप्सी म्हणून हेच देऊन देईन." तू म्हणायचीस, "दे ना. गोड बोलणं तरी कमी होईन तुहं."

त्याच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढणं मला जमत नव्हतं. तू त्याचा कान तळहातात धरून आधी ऊब द्यायचीस आणि म्हणायचीस, "चाला ठाणेदार, सही करा." थेंब आला की, "झाली सही. सुटले." कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला बेडकाचं चित्र दाखवून रक्ताभिसरण शिकवतात. मला ते तुझ्या मांडीवर बसलेल्या ठाणेदारच्या कानावरून कळलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तू ते गावभर सांगत सुटली असतीस, तरीही.

आता रागाचं लिहिते.

महिने गेले तरी त्याचा आकडा खाली येईना. डॉक्टर फोनवर म्हणायचे, अर्धं वाढवा. आठवडा-दोन आठवडे थांबून आपण अर्धं वाढवायचो. आकडा तरी वरच. मी रात्रंदिवस विचार करायचे की माझी सुई चुकते की काय, चामडीबाहेर सांडते की काय. तू माझ्याबरोबर काळजी करायचीस. चेहरा पाडून बसायचीस. मग उन्हाळा आला, तलावाचं पाणी उतरलं, आणि दरवर्षीसारखी मासोळीच मासोळी झाली. घराघरात टोपल्या भरून. ठाणेदारने तेव्हा मासोळीशिवाय कशाला तोंड लावलं नाही. सुई मात्र वाढवलेलीच होती.

त्या दुपारी तो चुलीपाशी उठला, दारू प्यायल्यासारखा झुलला आणि पडला. पाय एकसारखे मारत होता. मी नुसती उभी. तू धावत जाऊन गूळ पाण्यात कालवलास, त्याचा ओठ वर केलास आणि बोटाने हिरड्यांना चोळत राहिलीस. "ठाणेदार, ये ठाणेदार, ऊठ रे बाप्पा." थोड्या वेळाने त्याने तुझं बोट चावलं. तू रडत हसलीस, "चावला! चावला म्हणजे हाये."

भंडाऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल?"

मी म्हणाले, "नाही सर. भात तर केव्हाच बंद आहे."

तू खाली बघत होतीस. मग हळूच म्हणालीस, "थोडासाच देऊन राहिली होती जी. मुठीभर."

"किती दिवस?"

"रोजचाच."

तेव्हा सगळं कळलं. तू चोरून भात देत होतीस, म्हणून आकडा वर राहत होता, म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. मासोळी आली, भात आपोआप सुटला, आणि तो वाढलेला डोस त्याच्या अंगावर आला. डॉक्टरांनी डोस एकदम उतरवला. म्हणाले, "बाई, खरं सांगितलं असतंत तर इतका वाढवलाच नसता." परत येताना बसमध्ये मी तुझ्याशी भांडले. इतक्या माणसांत. "महिनोन्‌महिने माझ्याशी खोटं बोललीस? मी माझीच सुई चुकते समजत होते!" तू टोपली छातीशी धरून म्हणालीस, "माह्याच्यानं त्याच्या तोंडाकडं पायलं जात नाही वो. आपण भात खाऊन राहिलो अन थो पायून राहिला."

त्यानंतर तू बदललीस. भात खरंच बंद झाला. आकडे उतरले, त्याचे मागचे पाय पुन्हा उभे राहिले, तो पुन्हा वसुलीला जाऊ लागला. सगळं नीट झालं, असं मला वाटलं. पण त्या दुपारचं काहीतरी तुझ्या डोक्यात बसलं होतं. एकदा भाकरी थापताना तू मध्येच थांबलीस. "पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीवानी करत होता थो. असं मले झालं, अन तू कॉलेजात असली तं?"

मी म्हणाले, "तू माणूस आहेस. तुला आधी कळेल. तोंडात साखर टाकायची."

"अन नाही कळलं तं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक परीक्षा होती.

मग तू हळूहळू ठाणेदारचा नियम स्वतःला लावायला लागलीस. कमी जेवलीस की सुई कमी. एक वेळ जेवली नाहीस की सुई नाही. मला कळलं तेव्हा मी सांगितलं, "तो नियम त्याचा आहे. तुझा डॉक्टर वेगळा. आजारपणात सुई बंद करायची की नाही, हे त्यांना विचारायला पाहिजे. चल, मी येते."

तू म्हणालीस, "साखर तं एकच ना? का मांजराचा किराणा वेगळा असते?"

आणि हसलीस. तू हसलीस की मी हरायचे. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. माझं बोलणं बरोबर आहे याची मलाही पक्की खात्री नव्हती. मी पुन्हा बोलले, तेव्हा तू जरा चिडलीस. "दोन बुकं काय वाचली, आता मले जेवाले शिकवशील?" ते भांडण तसंच राहिलं. पुढच्या महिन्यात दवाखान्यात जाऊ, असं ठरवून आपण झोपलो. पुढच्या महिन्यात तुझा बाजार होता, त्याच्या पुढे माझं कॉलेजचं शिबिर.

शिबिराला मी जात नव्हते. तूच पाठवलंस. "बाकीच्या पोट्ट्या जाऊन राहिल्या ना? मंग तू काहून मांग राह्यची?" चिखल्याकडचं गाव होतं, रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. रोज संध्याकाळी मी टाकीपाशी उभी राहून तुला फोन करायचे.

"जेवलीस का आत्या?"

"हो ना. मासोळी खाल्ली त्यानं. दोनदा."

"तू काय खाल्लंस?"

"आकडा बी चांगला आला आज. सही बी बराबर केली."

हे तू नेहमीच करायचीस. तुझं विचारलं की त्याचं सांगायचीस. मला हसू यायचं. तिकडे पोटात पाणी ठरत नव्हतं तुझ्या, ताप होता, आणि मी टाकीपाशी उभी राहून हसत होते.

देवाजी काकांनी तुला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा तू बोलत नव्हतीस. मी पोचले तेव्हा तू नव्हतीसच. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, साखर इतकी वाढली होती की यंत्राने आकडाच दाखवला नाही. त्यांनी विचारलं, "इन्सुलिन घेत होत्या ना?" मी म्हणाले, हो. मी खात्रीने म्हणाले, हो.

दुसऱ्या दिवशी ठाणेदारची बाटली आणायला दुकानात गेले. फ्रिज उघडला. शिबिराला निघायच्या सकाळी मी तुझी नवी बाटली फोडून तुला सुई दिली होती. ती खालच्या कप्प्यात तशीच उभी होती, गळ्यापर्यंत भरलेली.

मी देवाजी काकांकडे बघितलं.

"विचारलं होतं मी तिले, शीतल. म्हटलं, बाई, वरची रोज नेऊन राहिली, खालची काहून नाही? तं म्हणे, पोटात काही ठयरत नाही. जेवली नाही तं सुई कायची? डॉक्टरनंच सांगतलं हाये म्हणे. डॉक्टरनं सांगतलं तं मंग मी काय बोलू?"

"कोणत्या डॉक्टरने काका?" मी ओरडले. दुकानात गिऱ्हाईकं होती. "मांजराच्या डॉक्टरने! मांजरासाठी!"

ते खाली बसले. मला त्यांचा राग आला, मग दया आली, मग परत राग आला. ते म्हणाले, शेजारच्या बायकाही म्हणत होत्या, भाची गेली म्हणून बाईला करमत नाही, म्हणून जेवण जात नाही. म्हणजे सगळ्यांना कारण सापडलेलं होतं. माया. मायेमुळे उलट्या होतात असं सगळ्यांना पटलं होतं.

आणि तू? तू नियम पाळत होतीस! अगदी मनापासून. जेवण नाही, तर सुई नाही. पण पुढचा अर्धा भाग, आत्या? दोन वेळा खाल्लं नाही तर घरी बसायचं नाही. तापात धडपडत रस्ता ओलांडून तू मांजराची बाटली आणलीस, त्याला वेळेवर सुई दिलीस, त्याची सही घेतलीस. त्याने एक वेळ मासोळी नाकारली असती तर तू त्याला टोपलीत घालून पहिल्या बसने भंडाऱ्याला गेली असतीस. स्वतःला टोपलीत घालता येत नाही म्हणून का? कुणाला हाक मारायला काय झालं होतं? मला फोनवर एक शब्द? "शीतल, मी जेवली नाही." एवढंच वाक्य.

तुझ्यानंतर घरात चूल पेटली, पण मासोळी शिजली नाही. दहा दिवस आपल्यात शिजत नाही, ते ठीक. पण आलेल्या बायका ठाणेदारसमोर भात-दूध ठेवायला लागल्या. "खाऊ दे बिचाऱ्याले, कौसल्याचं मांजर हाये." मी वाट्या उचलून फेकत होते आणि त्या एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी देवाजी काकूंनी त्यांच्या परसात वेगळी चूल मांडून त्याच्यासाठी मासोळी उकडून दिली. पहिले काही दिवस त्याने खाल्ली. मग एका संध्याकाळी वास घेतला, जवळ गेला, आणि मान फिरवून बसला. तोंडातून लाळ येत होती. मी सुई दिली नाही. सकाळी पुन्हा ठेवली. पुन्हा मान फिरवली. कान टोचला तर आकडा बराच वर.

सगळे म्हणाले, "मालकीण गेली म्हणून खात नाही. मुक्या जनावरालेबी कळते." एक क्षण मलाही ते बरं वाटलं. खरं सांगते. मला वाटलं, तुझ्यासाठी कुणीतरी असं उपाशी बसलंय. मग मला तुझी भरलेली बाटली आठवली, आणि बायकांनी तुझ्या उलट्यांना दिलेलं कारणही. मी उठले आणि टोपली शोधायला लागले.

तो तुझा दहावा होता. सगळे वैनगंगेवर निघायच्या तयारीत होते. मोठे बाबा, म्हणजे तुझे मोठे भाऊ, आंगणात आडवे आले.

"कुठं निघाली?"

"भंडाऱ्याला. ठाणेदारला दाखवायला."

"अवो पोरी, आज दहावा हाये आत्याचा. मांजर काय पळून राहिलं? उद्या ने."

"उद्या उशीर होईल."

"मांजराची जात हाये थे. बाजारात सोडून दे, मासोळीत जगते."

"जगत नाही मोठे बाबा. त्याला सुई लागते."

"माणसाले भेटत नाही अन मांजराले सुई!"

मी आजवर त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "माणसाला मिळत होती. समोरच्या फ्रिजमध्ये भरलेली आहे, जाऊन बघा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, आणि थांबले नाही. तुझं जाळं टोपलीवर बांधलं आणि स्टॉपवर गेले. नदीवर काय झालं, कावळा शिवला की नाही, मी अजून कुणाला विचारलेलं नाही. तुझी काही इच्छा राहिली असेल तर ती मला माहीत आहे. ती टोपलीत होती.

कंडक्टर म्हणाला, "मासोळी असेल तं मांगं ठेवा, वास येते."

"मासोळी नाही, मांजर आहे."

"मंग मासोळी कुठं गेली?"

सगळी बस हसली. मी सवयीने बाजूला वळले, तू काय बोलतेस ते ऐकायला. बाजूला एक म्हातारे बाबा झोपले होते.

डॉक्टरांनी ठाणेदारचं तोंड उघडलं, बॅटरी धरली आणि मला दाखवलं. मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. म्हणून खात नव्हता. आतल्या पुवामुळे साखर चढली होती. दुःख नव्हतं ते, आत्या. दाढ होती. ते म्हणाले, "एक वेळ खाल्लं नाही तर सुई थांबवणं ठीक. पण असं आजारपण असलं तर खाणं नसतानाही साखर वाढत जाते. तेव्हा सुई बंद करून घरी बसलं की संपलं. म्हणून तर घेऊन या म्हणतो." मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, "बाई नाही आल्या आज?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मला थांबता आलं नाही. नळ तसाच वाहत राहिला. त्यांनी तो बंद केला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाले, "मी त्यांना ओळखत होतो तसं. त्यांना स्वतःलाही आहे हे त्यांनीच सांगितलं होतं. मला एक वाक्य जास्त बोलता आलं असतं." मी त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यंही तयार केली होती. ती निघाली नाहीत.

त्यांनी दाढ काढली. संध्याकाळपर्यंत त्याला ठेवून घेतलं, साखर पाहत राहिले, डोस ठरवून दिला. पू उतरला की आकडाही उतरेल, तेव्हा डोस पुन्हा कमी करावा लागेल, असं बजावलं. मी म्हणाले, माहीत आहे सर. मला खरंच माहीत होतं. तुझ्या गुळाच्या बोटाने शिकवलेलं होतं ते. टोपली माझ्या हातात देताना त्यांनी रोजच्या सवयीने म्हणावं तसं म्हटलं, "बरं केलंस. वेळेवर आणलंस."

स्टॉपपर्यंत मी ते वाक्य धरून चालले. तिथे थांबले. वेळेवर आणलंस. हे वाक्य मला त्या दुसऱ्या दवाखान्यात, त्या डॉक्टरीण बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. मी जन्मभर ते वाक्य जपलं असतं. ते मला मिळालं, पण मांजरासाठी मिळालं, आणि मी रस्त्यावर टोपली छातीशी धरून उभी होते, अगदी तू धरायचीस तशी.

तो आता खातो. एका बाजूने चावतो. काल आकडा खाली आला, पण मी लगेच काही बदललं नाही, आधी फोन केला. कान तळहातात धरते. "सही करा" म्हणायला अजून जमत नाही, नुसतीच टोचते. देवाजी काकांनी विचारलं, खालच्या बाटलीचं काय करू, फेकू का? मी म्हणाले, राहू द्या. फ्रिज उघडला की मला ती दिसायला पाहिजे. राग जाऊ नये असं मला वाटतं, कारण राग गेला की फक्त तुझं नसणं उरेल, आणि त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

लोक विचारतात, शीतल, जेवलीस का? मी सांगते, हो, जेवले. किंवा, नाही, जेवले नाही. जे असेल ते सांगते. माझंच सांगते.

रोज संध्याकाळी टाकीपाशी उभी राहून मी विचारत होते, जेवलीस का. तुला विचारत होते, आत्या. ठाणेदारला नाही.